कुत्र्याचे दुखणे आणि घरातला औषधांचा डबा

म्हाताऱ्या लॅब्रॅडॉरचे मागचे पाय आखडले, जिना चढताना तो अडखळू लागला, की पशुवैद्य बहुधा मेलॉक्सिकॅम, कार्प्रोफेन किंवा फिरोकॉक्सिब यांपैकी एखादे औषध लिहून देतात. दाह आणि वेदना वाढवणारी प्रोस्टाग्लँडिन्स शरीरात कॉक्स नावाच्या विकरांमुळे तयार होतात. ही औषधे त्या विकरांनाच अटकाव करतात. पंचाईत अशी, की जठराच्या अस्तराचे रक्षण आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठाही प्रोस्टाग्लँडिन्सवर अवलंबून असतो. त्यामुळे औषध सुरू करण्यापूर्वी यकृत-मूत्रपिंडाची रक्ततपासणी करतात आणि उपचार लांबला तर ती अधूनमधून पुन्हा करावी लागते. उलट्या-जुलाबांनी अंगातले पाणी कमी झालेल्या कुत्र्याला ही औषधे विशेष धोक्याची.

खरा घोटाळा होतो तो मात्रेत. कुत्र्याला मेलॉक्सिकॅम सहसा पहिल्या दिवशी किलोमागे ०.२ मिलिग्रॅम आणि पुढे रोज ०.१ मिलिग्रॅम देतात; म्हणजे १० किलोच्या कुत्र्याला रोज जेमतेम १ मिलिग्रॅम. माणसांची गोळी असते ७.५ किंवा १५ मिलिग्रॅमची. 'चतकोर दिली तर काय बिघडतं?' म्हणून १५ची चतकोर दिली, तरी ती जवळजवळ चौपट होते! आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन, डायक्लोफिनॅक यांना तर हातच लावू नये. नॅप्रोक्सेन कुत्र्याच्या शरीरात कित्येक दिवस रेंगाळते. जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर भारतात २००६ मध्ये बंदी आली, ती गिधाडांच्या जिवावर बेतल्यामुळे. घरातल्या डब्यात मात्र ते अजून सहज सापडते.

अशी दोन वेदनाशामके एकत्र देऊ नयेत, प्रेडनिसोलोनसारख्या स्टेरॉइडसोबतही नाही. खाजेसाठी दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेली गोळी नेमकी स्टेरॉइड निघते, म्हणून चालू असलेले प्रत्येक औषध पशुवैद्यांना सांगावे. औषध बदलताना मध्ये किती दिवसांचा खंड ठेवायचा, तेही तेच ठरवतात.

कुत्र्याने जेवण टाकले, उलट्या केल्या, शी डांबरासारखी काळी झाली, तहान अचानक वाढली किंवा हिरड्या-डोळे पिवळे दिसले, तर पुढची मात्रा न देता लगेच दवाखाना गाठावा. चघळायच्या गोळ्या चवदार असतात; कुत्रा अख्खी बाटली फस्त करतो, म्हणून त्या उंच, बंद कपाटात ठेवाव्यात. तरीही खाल्ल्याच, तर लक्षणांची वाट न पाहता रिकामी बाटली घेऊनच डॉक्टरांकडे जावे. किती औषध पोटात गेले, याचा हिशेब त्यांना तिच्यावरून मांडता येतो.