माळ्याचा पगार कोण देणार?

विदर्भातल्या कुठल्याही जुन्या मंदिराच्या सभामंडपात मान वर करून पाहावं. पंख्याच्या पात्यांवर रंगवलेलं असतं: 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ'. पंखा सुरू असला की नाव वाचता येत नाही, आणि बंद असला की ते वाचायला उकाड्यात कोणी थांबत नाही. तरी देणारे पंखेच देतात. पंखा डोळ्यांना दिसतो, त्याची किंमत ठाऊक असते आणि एकदा दिला की विषय मिटतो. वीजबिल मात्र कोणाच्याही स्मरणार्थ भरलं जात नाही.

सार्वजनिक बागेचं नेमकं हेच होतं. यवतमाळ, पुसद, वणी, दिग्रस, कुठलंही गाव घ्या. वस्ती वाढली ती लेआउट पडून. प्रत्येक मोठ्या लेआउटमध्ये नियमाप्रमाणे एक 'ओपन स्पेस' सुटते. कधी तिथे बोरीबाभळी वाढतात, कधी कचरा साठतो, आणि कधी चार उत्साही मंडळी एकत्र येऊन बाग करायचं ठरवतात. वर्गणी जमते. कोणी बाक देतं, कोणी घसरगुंडी, कोणी फाटक. झाडं लागतात, फोटो निघतात. मग मार्च उजाडतो.

यवतमाळचा उन्हाळा कोणाला सांगायला नको. २०१८ साली निळोणा आणि चापडोह ही शहराला पाणी देणारी दोन्ही धरणं कोरडी पडत आली, नळ कित्येक दिवसांनी यायचे आणि माणसं टँकरमागे धावत होती. अशा वर्षी बागेतल्या रोपाला पाणी घालणाऱ्याला लोक वेड्यात काढतील. पण बाग जगते की मरते हे त्याच तीन महिन्यांत ठरतं, आणि त्या तीन महिन्यांच्या नावाने कोणी पावती फाडलेली नसते.

मुंबईची राणीची बाग या बाबतीत फार शिकवून जाते, आणि तिचा वऱ्हाडाशी दूरचा का होईना, संबंध आहे. पश्चिम भारताची अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ही हौशी बागायतदारांची संस्था १८३० सालची. तिची बाग आधी शिवडीला होती. पुढे भायखळ्याला नवी बाग उभी राहिली आणि १९ नोव्हेंबर १८६२ रोजी लेडी फ्रिअर यांच्या हस्ते ती खुली झाली. बागेतच एक संग्रहालय उभारायचं होतं. नाना शंकरशेट, डॉ. भाऊ दाजी लाड, जॉर्ज बर्डवुड अशी मंडळी त्यामागे होती आणि पैसा लोकवर्गणीचा. वर्गणीला तोटा नव्हता, कारण ते दिवस कापसाचे होते. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं होतं, तिकडचा कापूस थांबला होता, मँचेस्टरच्या गिरण्या हिंदुस्थानी कापसावर तुटून पडल्या होत्या. वऱ्हाडच्या काळ्या जमिनीतून निघालेला कापूस मुंबईच्या बंदरात सोन्याच्या भावाने जात होता आणि मुंबईचे शेठ दोन्ही हातांनी दान करत होते.

१८६५ मध्ये युद्ध संपलं. कापसाचे भाव कोसळले, शेअर बाजार बुडाला, कालचे दाते आज देणेकरी झाले. संग्रहालयाचं काम निधीअभावी अडलं. अखेर सरकारला हात घालावा लागला, तेव्हा कुठे १८७२ साली त्याचं दार उघडलं. पुढच्याच वर्षी, १८७३ मध्ये, बागही मुंबई महापालिकेच्या ताब्यात गेली. देणारे कंजूष नव्हते, हे लक्षात घ्यायला हवं. त्यांनी भरभरून दिलं, पण जे दिलं ते त्या वर्षीच्या कमाईतून. तेजीतली वर्गणी मंदीत कशी पुरणार?

गंमत अशी की त्याच नावाच्या सोसायटीची दुसरी बाग, पुण्याची एम्प्रेस गार्डन, आजही संस्थेच्याच हातात आहे. सुमारे ३९ एकरांची. तिकीट, रोपवाटिका आणि दर जानेवारीतलं पुष्पप्रदर्शन असं थोडं थोडं पण न चुकता येणारं उत्पन्न तिला आहे. आणि मुंबईचं ते संग्रहालय? आज ते भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखलं जातं. २००३ मध्ये महापालिका, वारसा जपणारी 'इन्टॅक' ही संस्था आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांच्यात करार झाला आणि मोडकळीला आलेली वास्तू पुन्हा उभी राहिली. २००५ मध्ये त्या कामाला युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला. देणगी, महापालिका आणि जाणकार संस्था यांची लेखी मोट बांधली की काय होतं, याचा हा नमुना.

विदर्भात याहून जवळचं उदाहरण शेगावचं. गजानन महाराज संस्थान हा १९०८ पासूनचा ट्रस्ट. त्याने उभारलेलं आनंदसागर हे उद्यान यवतमाळच्या कितीतरी शाळांच्या सहलींनी पाहिलेलं आहे. मधली काही वर्षं ते बंद राहिलं, ही हळहळ वेगळी. पण संस्थानाच्या कामाची खरी ताकद पैशाइतकीच माणसांत आहे: गावोगावचे सेवेकरी पाळी लावून येतात आणि मिळेल ते काम करतात. बागेला देणगी म्हणजे रोकडच असली पाहिजे असं थोडंच आहे! आठवड्यातून दोन तास आळी करणारा निवृत्त मास्तरही दाताच.

आता पैशाकडे. परदेशात मोठ्या बागांचा कारभार 'एंडॉमेंट'वर चालतो, म्हणजे मुद्दलाला हात न लावता व्याजावर. न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क १९८० पासून एक खासगी संस्था सांभाळते. २०१२ साली एका गुंतवणूकदाराने तिला १० कोटी डॉलर दिले, तेव्हा त्यातली निम्मी रक्कम थेट कायम निधीत ठेवली गेली. ऐकायला हे दूरचं वाटतं. पण मराठी घरांना ही कल्पना नवी नाही. आश्रमात, वसतिगृहात, मठात 'कायम ठेव' देऊन वडिलांच्या तिथीला अन्नदान लावून दिलेली घरं गावोगाव आहेत. मुद्दल बँकेत, व्याजातून दरवर्षी त्या दिवशी पंगत. दाता गेला तरी पंगत चुकत नाही. अन्नदानाला जे जमतं ते बागेला का जमू नये, याचं उत्तर सवयीत आहे, कायद्यात नाही.

हिशेब मांडून पाहू. कोणी ५ लाख रुपये कायम निधीत दिले आणि व्याज ७ टक्के धरलं, तर वर्षाला ३५ हजार मिळतात. महिन्याला तीन हजारही नाहीत. माळ्याचा पगार त्यात निघणार नाही. पण उन्हाळ्याचे टँकर आणि ठिबकच्या नळ्यांची दुरुस्ती निघेल. असे पाच-सात दाते मिळाले तर माळीही निघेल. फक्त सगळं व्याज खर्चून टाकू नये. महागाई मुद्दलाला आतून पोखरते, म्हणून व्याजाचा एक भाग दरवर्षी मुद्दलात परत घालावा.

हे सारं कोणाच्या खिशात नव्हे, नोंदणीकृत ट्रस्टमध्ये असायला हवं. महाराष्ट्रात १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा लागू आहे. त्याखाली हिशेबाची तपासणी होते, विश्वस्त बदलले तर धर्मादाय कार्यालयाला कळवावं लागतं आणि ट्रस्टची स्थावर मालमत्ता परवानगीशिवाय विकता येत नाही. ट्रस्टला प्राप्तिकराच्या ८०जीची मान्यता असेल तर जुनी करप्रणाली निवडणाऱ्या दात्याला सवलत मिळते, मात्र २ हजारांवरची रोख देणगी त्यात धरत नाहीत. चेक द्यावा आणि पावती जपून ठेवावी. त्याआधी आणखी एक गोष्ट पाहावी: जमीन कोणाची? ओपन स्पेस नगर परिषदेकडे असेल, तर देखभालीचा लेखी करार हवाच. नाहीतर वर्गणीतून फुललेल्या बागेत एक दिवस पाण्याची टाकी किंवा समाजमंदिर उभं राहतं आणि बाग करणारे कपाळाला हात लावून बसतात.

मृत्युपत्रातूनही बागेला देता येतं. त्याला मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही (केलेली बरी), पण दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यातच. दाता हयात असेपर्यंत ते बदलू शकतो, त्यामुळे मुलाच्या लग्नाची किंवा आजारपणाची धास्ती असलेल्यालाही आज नाव घालायला हरकत नाही. स्वकष्टाची मिळकत असली तर प्रश्नच नाही. वडिलोपार्जित असली तर आपल्या हिश्शापुरतंच लिहावं. आणि लिहिताना ट्रस्टचं पूर्ण नाव व नोंदणी क्रमांक घालावा. 'आमच्या कॉलनीच्या बागेला' असं मोघम लिहिलेलं वाचून वारस आणि वकील दोघेही गोंधळात पडतात.

शिवाय घरच्यांना आधी सांगून ठेवावं. कायद्याने हे बंधनकारक नाही. पण तेराव्याच्या दिवशी मुलांना पहिल्यांदा कळलं की बापाने दोन लाख झाडांना दिले, तर त्या झाडांकडे ती मुलं कशी पाहतील?

लाखांची ऐपत नसलेल्यांसाठी पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातलं रानमळा गाव पाहण्यासारखं आहे. तिथे घरातल्या जन्माला, लग्नाला, मृत्यूला झाड लावायची रीत पडली आणि ज्याचं झाड त्याच्या घरावर ते जगवायची जबाबदारी आली. पुढे राज्य सरकारनेही ही पद्धत गावोगावी नेण्याचं ठरवलं. यवतमाळात असं काही करायचं तर गुलमोहराच्या मोहात न पडता कडुनिंब, करंज, बहावा, मोह, पळस घ्यावेत. इथल्या मातीला आणि उन्हाला ती सरावलेली आहेत; पहिले दोन-तीन उन्हाळे सांभाळले की पुढे टँकरवाचून निभावतात.

दात्यांना बाकावर नाव हवं असतं, त्यात वाईट काही नाही. बाग चालवणाऱ्यांनी थोडी हुशारी दाखवून नावाच्या जागा बदलाव्यात: 'या वर्षीचा माळी अमक्यांच्या स्मरणार्थ', 'बोअरच्या मोटारीची दुरुस्ती तमक्यांकडून'. प्रवेशद्वारावरच्या फलकावर जमाखर्चही लावावा, म्हणजे पुढची देणगी मागायला फार बोलावं लागत नाही. तिथीची ठेव घेताना मात्र एक खबरदारी घ्यावी. सगळ्यांच्या पुण्यतिथ्या काही उन्हाळ्यात येत नाहीत. श्रावणातल्या तिथीला बागेला पाणी देऊन उपयोग नाही. नाव त्या तिथीला फलकावर लिहावं, पण पावतीवर 'व्याजाचा विनियोग मार्च ते जून' असं दात्याच्या सहीनिशी घेऊन ठेवावं.