आयुष्य चांगलं चाललंय, हे कोणी ठरवायचं?

साठी उलटली की आयुष्याची प्रत घसरत जाते, हा समज आपल्याकडे फार घट्ट बसला आहे. जागतिक आनंद अहवाल, २०२४ मध्ये भारतातल्या ज्येष्ठांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात उलट चित्र दिसतं: वय वाढतं तसं आयुष्याविषयीचं समाधानही वाढतं. असं फक्त श्रीमंत देशांत घडतं, हे गृहीतक त्यामुळे मोडीत निघालं. तरुणपणी सगळं मजेत असतं, हेही खरं नाही. त्याच अहवालातल्या देशांच्या आनंद-क्रमवारीत अमेरिकेतल्या साठीपुढच्यांचा क्रमांक १०वा, तर तिशीच्या आतल्यांचा ६२वा आहे.

भारतीय ज्येष्ठांचं समाधान ठरवणाऱ्या गोष्टींत तीन वरचढ ठरल्या: राहण्याच्या व्यवस्थेविषयी काय वाटतं, लोक भेदभावाने वागवतात का, आणि स्वतःच्या तब्येतीविषयी स्वतःचं मत काय. पहिल्या गोष्टीपाशी थांबायला हवं. ‘मुलांकडे राहतात, म्हणजे सुखात आहेत’ असं आपण म्हणून टाकतो. पण आई-वडिलांनी चार महिने थोरल्याकडे, चार महिने धाकट्याकडे राहायचं, हे पुष्कळ घरांत भावंडं परस्पर ठरवतात. कधी आईची रवानगी एकीकडे आणि वडिलांची दुसरीकडे होते. दोन वेळचं जेवण मिळतं, औषधं मिळतात. कुठे आणि कोणाबरोबर राहायचं, हे ठरवण्याचा हक्क मात्र जातो. हा अन्याय आहे, आणि प्रेमापोटी होतो म्हणून तो लहान ठरत नाही.

आजारपण किंवा अपंगत्व आलं की आयुष्यात काही उरत नाही, हाही असाच बाहेरून बांधलेला अंदाज. आल्ब्रेक्ट आणि डेव्हलिगर या संशोधकांच्या १९९९च्या अभ्यासात मध्यम ते गंभीर अपंगत्व असलेल्या ५४ टक्के लोकांनी आपल्या आयुष्याची प्रत चांगली किंवा उत्तम असल्याचं सांगितलं. दीर्घ आजार असलेल्या मुलांबाबतही बाहेरचा अंदाज पुरेसा नसतो. ताप, चालणं, खाणं याबाबत आई-वडील आणि मूल यांची उत्तरं बऱ्यापैकी जुळतात. मनातलं काय, मित्रांत कसं वाटतं, याबाबत जुळणी कमी होते. म्हणून मुलांच्या आयुष्याची प्रत मोजणाऱ्या काही प्रश्नावल्यांमध्ये वयाच्या पाचव्या वर्षापासून पुढे मुलालाच विचारण्याची सोय असते.

आजोबा फारसं कोणाकडे जात नाहीत, म्हणजे एकटे पडले, असं दर वेळी नसतं. स्टॅनफर्डच्या मानसशास्त्रज्ञ लॉरा कार्स्टेन्सन यांनी दाखवलं आहे की, पुढचा काळ मोजका आहे हे जाणवलं की माणसं ओळखीपाळखी कमी करून जिवाभावाच्या चार जणांना वेळ देतात. अर्थात तेच चार जण येईनासे झाले, तर तो खरा एकटेपणा.

वय झाल्यावर अपेक्षा उरत नाहीत, हा शेवटचा आणि सगळ्यांत दुखावणारा गैरसमज. जागतिक आरोग्य संघटनेची आयुष्याची प्रत मोजणारी २६ प्रश्नांची प्रश्नावली आहे. तिला जोड म्हणून ज्येष्ठांसाठी २४ प्रश्न वेगळे तयार केले गेले. ऐकण्या-दिसण्याबरोबरच त्यांत निर्णयाचं स्वातंत्र्य, पुढे काय करायचं आहे, मरणाची भीती आणि प्रेम, जवळीक यांविषयी थेट विचारलं जातं. आपल्या घरांत सत्तरीच्या माणसाशी आपण बोलतो ते गोळ्या, पथ्य आणि गुडघ्यांविषयी.