मुलाखत आपल्या घरी येते तेव्हा

आमच्या पिढीतील ज्या तरुणांनी नोकरीसाठी मुलाखती दिल्या, त्यांना त्या दिवसांतील प्रश्नांपेक्षा प्रवासच अधिक आठवतो. बेळगावहून रात्रीच्या गाडीने पुणे, मुंबई अथवा बंगळूर गाठावयाचे, स्टेशनावरच तोंड धुऊन इस्त्रीचा सदरा अंगावर चढवावयाचा, प्रमाणपत्रांची पिशवी काखेत घेऊन कचेरीच्या बाकावर नावाचा पुकारा होईपर्यंत बसावयाचे, आणि दहा-पंधरा मिनिटांच्या प्रश्नोत्तरानंतर पुन्हा रात्रीची गाडी धरावयाची, असा तो क्रम असे. पैसा जाई, झोपही जाई. परंतु त्या प्रवासाचा एक गुण होता. घर, दुकान आणि त्यांचा गलबला मागे राही व उमेदवार एकटा, तयार मनाने परीक्षकांसमोर उभा राही.

सांप्रत हा क्रम पुष्कळ ठिकाणी उलटा झाला आहे. उमेदवार मुलाखतीस जात नाही. मुलाखतच त्याच्या घरी येते. टेबलावर लॅपटॉप ठेवला, ठरल्या वेळी दुवा उघडला, की पुण्यातील किंवा लंडनमधील अधिकारी थेट आपल्या माजघरात डोकावू लागतात. म्हणूनच या मुलाखतीची तयारी ही एकट्या मुलाची वा मुलीची राहिलेली नाही. ती साऱ्या घराची तयारी झाली आहे, आणि आमच्यासारख्या दुकानाच्या माडीवर राहणाऱ्या कुटुंबांची तर अधिकच. या विषयावर सभासद बंधू-भगिनींशी चार शब्द बोलावेत, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

दूरच्या माणसाचा चेहरा पाहत बोलण्याची कल्पना तशी जुनी आहे. अमेरिकेतील अमेरिकन टेलिफोन अँड टेलिग्राफ कंपनीने १९६४ साली न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात चित्र दाखविणारा टेलिफोन मांडला होता व त्याच वर्षी न्यूयॉर्क, वॉशिंग्टन आणि शिकागो येथे त्याची सार्वजनिक केंद्रे उघडली होती. न्यूयॉर्कहून वॉशिंग्टनशी तीन मिनिटे बोलावयास १६ डॉलर पडत. अर्थात तो धंदा चालला नाही. पुढे २००३ साली स्काइप आले आणि कालांतराने संगणकावरून असे बोलणे जवळजवळ फुकट झाले. तरीही आमच्याकडील कंपन्या उमेदवाराला समोर बसवूनच पारखीत असत. २५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी लागू झाली आणि हा संकोच एका झटक्यात गळून पडला. टाळेबंदी उठली, एवढेच नव्हे तर मे २०२५ मध्ये खुद्द स्काइपही बंद झाले; परंतु झूम, गूगल मीट, टीम्स यांवरून निदान पहिली फेरी उरकून घेण्याची रीत कायम राहिली. गाडीभाडे वाचले, हे निःसंशय. मात्र जे प्रवासात आपोआप होत होते, ते आता हेतुपूर्वक करावे लागते.

आमच्या परिचयातील एका भुसार व्यापाऱ्यांच्या घरी घडलेली हकीकत येथे सांगतो. त्यांची कन्या एम. कॉम. झालेली. पुण्यातील एका कंपनीच्या हिशेब विभागातील जागेसाठी सकाळी अकरा वाजता तिची मुलाखत ठरली. मुलगी हुशार, तिने पुस्तके वाचून तयारी केली होती. घराने मात्र काहीच तयारी केली नव्हती. तिने वडिलांच्या दुकानाच्या खात्यावरून दुवा उघडला. त्यामुळे पडद्यावर तिच्या नावाऐवजी दुकानाचे नाव झळकले, आणि आपण कोणाशी बोलत आहोत, असा पहिलाच प्रश्न समोरून आला. ती खिडकीकडे पाठ करून बसली होती, म्हणून तिचा चेहरा काळोखात गेला. खाली मालाची ट्रक लागली, हमालांचा आरडाओरडा सुरू झाला. आईने मायेने दुधाचा पेला आणून तिच्या पुढ्यात ठेवला, तोही समोरच्यांना दिसला. मुलगी गांगरली. इतक्यात प्रश्न आला, "आपल्याला कामाचा काही अनुभव आहे काय?" तिने उत्तर दिले, "नाही. वडिलांचे एक छोटेसे दुकान आहे, एवढेच."

वडील त्या वेळी जिन्यात उभे होते. ते उत्तर त्यांनी ऐकले. पुढे आमच्यापाशी बोलताना ते म्हणाले, "जागा गेली याचे मला फारसे वाटले नाही. परंतु तीन वर्षे हिने दुकानाचे सारे हिशेब सांभाळले, आणि ते काम चार लोकांत सांगण्यासारखे हिला वाटले नाही, हे मनाला लागले." मुलीला विचारले तेव्हा ती खाली मान घालून एवढेच म्हणाली, "अप्पा, दुकानाचे काम कामात धरतात, हे मला कोणी सांगितलेच नाही."

हे वाक्य आम्ही विसरू शकलो नाही. तिला ते कोणी सांगावयाचे होते? आम्हीच. आम्ही आमच्या मुलांना दुकानात बसवितो, त्यांच्याकडून कामे करून घेतो आणि त्या कामाला नाव मात्र देत नाही. दर महिन्याच्या ११ तारखेच्या आत जीएसटीआर-१ आणि २० तारखेच्या आत ३-बी भरणारी मुलगी हिशेबनीसाचे काम करीत असते. गिऱ्हाईक न दुखावता जुनी उधारी वसूल करून आणणारा मुलगा असे काम करीत असतो, की ज्यासाठी कंपन्या निराळा विभाग चालवितात. हा अनुभव खोटा नाही, उसना नाही. फक्त तो प्रसंग सांगण्याच्या रूपात मांडता आला पाहिजे.

त्याची एक सोपी रीत आहे. प्रसंग काय होता, त्यात जबाबदारी कोणती होती, आपण स्वतः काय केले आणि त्याचा परिणाम काय झाला, अशा चार पायऱ्यांनी दोन मिनिटांत उत्तर द्यावे. त्याच मुलीने पुढील मुलाखतीसाठी असे प्रसंग कागदावर काढले. एका महिन्यात खरेदीची एक मोठी पावती २-बी विवरणात दिसत नव्हती आणि त्यामुळे कराची वजावट अडकली होती. तिने खरेदीवही ताडून पाहिली. माल पाठविणाऱ्याने भलत्याच जीएसटी क्रमांकावर ती पावती दाखविल्याचे शोधून काढले. त्यांना फोन करून पुढील महिन्याच्या विवरणात दुरुस्ती करवून घेतली आणि वजावट मिळविली. "मी मेहनती आहे, प्रामाणिक आहे," असे दहा वेळा सांगण्याने जे साधत नाही, ते अशा एका हकीकतीने साधते. असे पाच-सहा प्रसंग जवळ असले, म्हणजे बहुतेक प्रश्नांना त्यांतील एखादा लागू पडतो. एखादा चुकीचाही प्रसंग असावा, कारण आपण केलेली चूक सांगा, असे हल्ली बहुधा विचारतातच.

ही उत्तरे मनात म्हणून भागत नाही. मोठ्याने बोलावी लागतात. मराठी शाळेत शिकलेल्या आमच्या मुलांना इंग्रजी येत नाही असे नव्हे. त्यांनी ते उच्चारलेले नसते. मोबाइलवर स्वतःचे बोलणे चित्रित करावे आणि धीराने पाहावे. काही कंपन्यांच्या पहिल्या फेरीत तर समोर माणूसच नसतो. प्रश्न पडद्यावर उमटतो, विचारास थोडा अवधी मिळतो आणि उत्तर ठरलेल्या वेळात चित्रित होते. मान डोलावणारे कोणी नसताना बोलणे फार जड जाते. ज्याने घरी सराव केला, तोच तेथे टिकतो.

आता घराच्या तयारीविषयी. उजेड चेहऱ्यावर समोरून पडावा. खिडकी पाठीमागे नसावी. लॅपटॉप टेबलावर तसाच ठेवला, तर कॅमेरा हनुवटीखालून पाहतो व माणूस वरून खाली बघत असल्यासारखा दिसतो. तो डोळ्यांच्या पातळीस येईल इतका उंच करावा. बोलताना पडद्यावरील चेहऱ्याकडे न पाहता कॅमेऱ्याच्या भिंगाकडे पाहावे, तरच समोरच्यास आपण त्याच्याकडे पाहत आहोत असे वाटते. कानात तारेचे श्रवणयंत्र घालावे. आवाज घुमत नाही. इंटरनेट शक्य तेथे केबलने जोडावे. घरात इन्व्हर्टर असला, तरी राउटर त्यावर जोडलेला आहे की नाही हे आधी वीज बंद करून पाहावे. पुष्कळ घरी दिवा-पंखा चालू राहतो आणि इंटरनेट मात्र जाते. मोबाइलचे इंटरनेट राखीव ठेवावे व मुलाखत घेणाऱ्यांचा फोन क्रमांक कागदावर लिहून ठेवावा. पडद्यावर स्वतःचे पूर्ण नाव यावे. आणि ही सारी तपासणी आदल्या दिवशी, त्याच खोलीत, त्याच वेळी करावी. कारण त्या वेळी ऊन कोठे येते आणि ट्रक केव्हा लागते, हे तेव्हाच कळते.

बोलण्यातही एक बारकावा आहे. समोरासमोरच्या संभाषणात एकाचे संपल्यावर दुसरा फार त्वरित बोलू लागतो. दहा भाषांचा अभ्यास करून २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात हे अंतर सरासरी सेकंदाच्या पाचव्या भागाइतके आढळले. दूरच्या जोडणीत आवाज पोहोचावयास तेवढाही विलंब होऊ शकतो. त्यामुळे दोघे एकदम बोलतात, दोघे एकदम थांबतात, आणि उमेदवाराला वाटते की आपलेच चुकले. प्रश्न संपल्यावर एक श्वास थांबून उत्तर द्यावे. तो विराम तिकडे संकोचाचा नव्हे, विचाराचा वाटतो.

परदेशच्या कंपनीशी बोलावयाचे असल्यास घड्याळाकडेही लक्ष असावे. लंडनमधील सकाळचे दहा म्हणजे हिवाळ्यात आपले दुपारचे साडेतीन. परंतु मार्चच्या अखेरच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या अखेरच्या रविवारपर्यंत तेथील घड्याळे एक तास पुढे असतात, तेव्हा ते अडीच होतात.

एक गोष्ट मात्र आम्ही आग्रहाने सांगू इच्छितो. पडद्याआड दुसऱ्यास बसवून उत्तरे पुरवून घेणे, अथवा यंत्राने तयार केलेली उत्तरे पडद्यावरून वाचून दाखविणे, असे प्रकार चालू झाले आहेत. जून २०२२ मध्ये अमेरिकेच्या एफबीआय या तपास संस्थेने, घरून करावयाच्या नोकऱ्यांसाठी दुसऱ्याची ओळख व कृत्रिम चित्रफीत वापरून अर्ज होत असल्याचा जाहीर इशारा दिला होता. परीक्षकही आता सावध आहेत. वाचणाऱ्याचे डोळे कसे फिरतात, हे त्यांना चांगले ठाऊक असते. पण पकडले जाण्याची भीती हे खरे कारण नव्हे. नमुना एक दाखवून माल दुसरा पाठविणाऱ्याची पेढी बाजारात फार दिवस टिकत नाही, हे आमच्या मुलांना आम्ही निराळे शिकवावयास नको.

उलट बाजूची लबाडीही ओळखावी. मुलाखतीनंतर प्रशिक्षण, नोंदणी अथवा लॅपटॉपची अनामत म्हणून पैसे मागणारी कंपनी ही नोकरी देणारी नसते. अशा वेळी मुलांनी घरात विचारावे, आणि वडीलधाऱ्यांनीही न रागावता ऐकून घ्यावे.

आमची संघाच्या चालकांस एक नम्र सूचना आहे. ज्यांच्या घरी निवांत खोली नाही, अशी कुटुंबे आपल्यात थोडी नाहीत. संघाच्या कार्यालयातील एक खोली, एक टेबल, समोरून पडणारा दिवा, केबलचे इंटरनेट आणि इन्व्हर्टर, एवढी सोय आधी वेळ नोंदवून सभासदांच्या मुलामुलींना मिळावी. नोकरीतून निवृत्त झालेल्या आपल्या बांधवांनी महिन्यातून एखादा रविवार सरावाच्या मुलाखतींसाठी द्यावा. यास खर्च थोडा आणि उपयोग मोठा आहे.

त्या मुलीचे पुढे काय झाले, असे वाचक विचारतील. दुसऱ्या मुलाखतीच्या दिवशी वडिलांनी ट्रक दुपारी मागविली, हमालांना आधी सांगून ठेवले आणि आईने दुधाचा पेला मुलाखतीनंतर दिला. लॅपटॉप उंच करावयास काही हवे होते. तेव्हा वडिलांनी स्वतः खाली जाऊन दुकानाच्या तीन जाड खातेवह्या आणून त्याखाली ठेवल्या. शेवटच्या वहीतील अक्षर मुलीचेच होते. ती जागाही तिला मिळाली नाही. तिसऱ्या मुलाखतीत मिळाली. परंतु दुसऱ्या मुलाखतीत कामाच्या अनुभवाचा प्रश्न आला, तेव्हा तिने सांगितले, "मी तीन वर्षे आमच्या दुकानाचे हिशेब पाहते." वडील त्याही दिवशी जिन्यात उभे होते. मुलगी दुकान सोडून जाणार, हे त्यांना त्या वाक्यातच कळले. आणि दुकान तिच्याबरोबर जाणार, हेही कळले.