बुरशी लागलेली लेन्स

गेल्या पावसाळ्यात माझ्या कॅमेऱ्याची लेन्स गेली. पडली नाही, फुटली नाही. चार महिने कपाटात कपड्यांच्या घडीखाली मी ती विसरलो, एवढंच. मुंबईच्या दमट हवेत आतल्या काचेवर बुरशीचं जाळं पसरलं.

नवी घ्यायला बजेट पाच हजारांचं. म्हणजे जुन्या मालाचंच दुकान. मन झूमवर जडलेलं. एका लेन्समध्ये सगळी कामं! पण मला फोटो हवे होते आईचे. ती संध्याकाळी खिडकीशी शेंगा सोलत बसते आणि फ्लॅश उडाला की डोळे मिटते. ही स्वस्तातली १८-५५ची झूम पुढे ओढली की तिचं अ‍ॅपर्चर ५.६ वर येतं. पन्नास मिलिमीटरच्या साध्या लेन्सचं १.८. म्हणजे उजेड नऊपटीहून जास्त! झूम बाजूला ठेवली.

पन्नासची जुनी 'डी' लेन्स बजेटात बसली. मात्र तिच्यात मोटर नाही आणि माझ्या निकॉन डी ३२०० मध्येही नाही. फोकस हातानेच करायचा. मोटरवाली 'जी' परवडेना. आई कुठे पळणार आहे, म्हटलं, आणि 'डी'च घेतली. घेण्यापूर्वी मागून विजेरी मारून काचा तेवढ्या निरखल्या. दुधाने तोंड पोळलेलं होतं ना!

पहिल्या अकरा फोटोंत शेंगा स्पष्ट, आई धूसर. बाराव्यात तिचे डोळे लख्ख आले. फोटो बघून ती म्हणाली, ''फ्लॅश नाही उडाला रे. तोही बिघडला वाटतं?''