मला पथ्य आहे!

ग्रुपची पार्टी ठरली की एकदा हा प्रयोग करून बघा. समोर आलेल्या ग्लासला नुसतं ‘नको’ म्हणा. लगेच ‘घे ना यार, एकदाच’, ‘भाव खाऊ नकोस’, ‘घरी कोण सांगतंय?’ सुरू. आता ‘मला पथ्य आहे’ म्हणा. सगळे गप्प! फार तर कुणीतरी काळजीने ‘काय झालंय?’ विचारेल. आजी-आजोबांच्या औषधांच्या डब्याशेजारी पडून राहिलेला हा शब्द आपण जरा बाहेर काढायला हवा.

मुळात तो नुसता आजारपणाचा शब्द नाहीच. संस्कृतात ‘पथ’ म्हणजे वाट. वाटेला धरून असलेलं, म्हणजेच हितकारक, ते पथ्य. आयुर्वेदात हिरड्याचं एक नाव चक्क ‘पथ्या’ आहे. म्हणजे जे आवर्जून घ्यायचं तेही पथ्यच. मराठीत मात्र गंमत झाली. ‘मला गोडाचं पथ्य आहे’ म्हटलं की पानातला गुलाबजाम उचलला जातो. घ्यायचं काय हे मागे पडलं आणि टाळायचं काय तेवढंच लक्षात राहिलं. जुना अर्थ एका वाक्प्रचारात अजून जिवंत आहे. धो धो पावसाने परीक्षा पुढे गेली आणि अभ्यास झालेला नसला, की आपण काय म्हणतो? ‘पाऊस पथ्यावर पडला!’ इथे टाळायचं काहीच नाही, निव्वळ फायदा.

पथ्य आणि बंदी यांत मात्र गल्लत नको. हॉस्टेलचं गेट रात्री दहाला बंद होतं, ती बंदी. तिथे वॉचमन असतो, दंड असतो आणि कंपाउंडवरून उडी कुठून मारायची हेही सगळ्यांना माहीत असतं. पथ्याला वॉचमन नसतो. डॉक्टर सांगून मोकळे होतात, पाळायचं आपण. मोडलं तर तो गुन्हा नाही, ‘कुपथ्य’.

2001 मध्ये ऑल इंग्लंड स्पर्धा जिंकल्यावर पुलेला गोपीचंदने शीतपेयाची जाहिरात नाकारली. जे आपण पीत नाही ते दुसऱ्यांना प्या म्हणून सांगायचं नाही, एवढंच त्याचं म्हणणं. सचिन तेंडुलकरने वडिलांना दिलेल्या शब्दाखातर तंबाखूची जाहिरात केली नाही. दोघांना कुणी अडवलं नव्हतं. पैसे मात्र खरेच सोडावे लागले.

आमच्या क्षेत्रातही पथ्यं आहेत. लैंगिक अत्याचाराच्या बातमीत पीडितेचं नाव छापायचं नाही, हे अनेकांना पथ्य वाटतं. पण तो कायदा आहे. पत्रकार परिषदेनंतर मिळणारी भेटवस्तूची पिशवी टेबलावरच ठेवून उठायचं, हे पथ्य. त्यासाठी कुणी पकडत नाही आणि कुणी शाबासकीही देत नाही.

एक खटकतं ते सांगतेच. ‘मुलींनी पाळायची पथ्यं’ अशी यादी कुठून ना कुठून फॉरवर्ड होत असते. हे घालू नका, इतक्या वाजता घरी या, मोठ्याने हसू नका. यादी करणारा वेगळा, पाळणारी वेगळी आणि मोडलं तर बोलणी ठरलेली! याला पथ्य कसं म्हणायचं? ही बंदीच, फक्त गोड शब्दात गुंडाळलेली.

आता फोन. ‘डिजिटल डिटॉक्स’ हा शब्द मला फारसा पटत नाही. दोन दिवस उपास आणि सोमवारी पुन्हा दाबून फराळ, असा तो प्रकार. पथ्य रोजचं असतं आणि थोडंच असतं. अ‍ॅपवर टायमर लावणारे आपण आणि वेळ संपल्यावर ‘आजच्यापुरतं सोड’ दाबणारेही आपणच, त्यामुळे टायमरवर माझा भरवसा नाही. एमपीएससीची तयारी करणाऱ्या एका मैत्रिणीने रील्सचं पथ्य धरलंय. मेसेज चालतात, कॉल चालतात, रील नाही. रात्री फोन ओट्यावर, मिक्सरच्या मागे. पहिला आठवडा चिडचिडीत गेला, असं ती सांगते. जेवताना कुणी ‘हे बघ, भारी आहे’ म्हणून स्क्रीन पुढे केली, की ती मान फिरवून म्हणते, ‘पथ्य आहे गं.’ आणि समोरची खरंच फोन खाली ठेवते.

किती दिवस पाळणार, असं तिला विचारलं. म्हणाली, ‘प्रिलिमपर्यंत तरी. मग बघू.’