उघड्या मुळांचा मुनवा आणि नंजनगूडची रसबाळे

म्हैसूरहून नंजनगूडकडे जाणाऱ्या मार्गावर कडकोळ हे गाव लागते. त्याच्या दक्षिणेस कपिला अर्थात काबिनी नदीच्या काठी नंजनगूड वसले आहे. या परिसराने केळीच्या एका वाणास आपले नाव दिले, ते म्हणजे ‘नंजनगूड रसबाळे’. कन्नड भाषेत ‘बाळे’ म्हणजे केळ. गोड चव आणि विशिष्ट सुगंध यांमुळे या वाणास भौगोलिक मानांकनही लाभले आहे. असे असूनही एकेकाळी सर्वत्र दिसणारी रसबाळे आज मोजक्या बागांपुरती उरली आहे. या ऱ्हासाचे प्रमुख कारण म्हणजे फ्युजेरियम बुरशीमुळे होणारा पनामा मर रोग. रोगट मुनवे आणि त्यांना चिकटून आलेली माती या त्याच्या प्रसाराच्या मुख्य वाटा होत. म्हणूनच मुळांवरील माती काढून केलेली लागवड हा केवळ सोयीचा नव्हे, तर वाण टिकविण्याचा प्रश्न ठरतो.

मातीवाचून रोप कसे जगते?

थंड प्रदेशांत गुलाब, सफरचंद यांची रोपे सुप्तावस्थेत असताना उपटून मातीविना पाठविली जातात आणि डोळे फुटण्यापूर्वी लावली जातात. हिमाचल प्रदेश व काश्मीरमधील सफरचंदाची लागवडही बव्हंशी याच रीतीने होते. केळीला अशी सुप्तावस्था नसते. तिची भिस्त कंदात साठविलेल्या अन्नावर असते. मुनवा काढल्यावर त्याची जुनी मुळे पुन्हा कार्यक्षम होत नाहीत. लागवडीनंतर कंदातून नवी मुळे फुटतात आणि तीच झाडाला पोसतात. त्यामुळे मातीसह जुनी मुळे छाटून टाकल्याने मुनव्याचे काही बिघडत नाही. उलट, त्या मातीतील सूत्रकृमी आणि कंद पोखरणाऱ्या सोंडकिडीची अंडी नव्या शेतात जाण्याचे टळते.

निवड आणि पूर्वतयारी

म्हैसूर परिसरात चैत्र-वैशाखात वळवाच्या सरी येतात. मात्र त्यांच्या भरवशावर न राहता सिंचनाची सोय असेल तरच वसंतातील लागवड हाती घ्यावी. अरुंद, तलवारीच्या पात्यासारखी पाने असलेले जोमदार मुनवे निवडावेत. रुंद पानांचे, वरवर टवटवीत दिसणारे मुनवे टाळावेत, कारण त्यांचे कंद लहान व दुबळे असतात.

मुनवे काढल्यावर कंदावरील माती व सर्व मुळे मूळ बागेतच काढावीत. नव्या शेताच्या बांधावर हे काम केल्यास त्याचा हेतूच फसतो. कंदाची बाहेरची साल धारदार कोयत्याने पातळ तासावी आणि खोड वर सुमारे १५ ते २० सेंमी ठेवून कापावे. तासलेल्या कंदाचा रंग पांढरा असावा. त्यात तांबूस-तपकिरी ठिपके वा रेषा दिसल्यास तो मुनवा नष्ट करावा आणि त्या बागेतील इतर मुनवेही वापरू नयेत. प्रत्येक कंदानंतर कोयता निर्जंतुक करावा.

सूत्रकृमी व सोंडकिडीच्या बंदोबस्तासाठी तासलेले कंद ५२ ते ५५ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात सुमारे २० मिनिटे बुडवावेत. तापमापीशिवाय हा प्रयोग करू नये, कारण पाणी अधिक तापल्यास कोंब मरतो व कमी तापल्यास कीड जगते. त्यानंतर लिटरला १ ग्रॅम कार्बेन्डाझिम या प्रमाणातील द्रावणात बुडवून कंद सावलीत सुकवावेत आणि लवकरात लवकर लावावेत. उन्हात पडून राहिलेल्या कंदातील ओलावा घटतो व उगवण विस्कळीत होते.

प्रक्रियेची मर्यादा

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. कंदाच्या आत शिरलेली मर रोगाची बुरशी वरील प्रक्रियेने खात्रीने नष्ट होत नाही. रोगट झाडाचा मुनवा प्रारंभी निरोगी दिसू शकतो. खालची पाने कडेकडून पिवळी पडून खोडाभोवती लोंबणे व जमिनीलगत खोड उभे चिरणे ही लक्षणे नंतर प्रकट होतात. म्हणून मुनवा निवडण्याआधी बाग निवडावी लागते. ऊतिसंवर्धित रोपे हा सुरक्षित पर्याय आहे. मात्र ही रोपे रोगमुक्त असली तरी रोगप्रतिकारक नसतात. बुरशीचे बीजाणू जमिनीत अनेक वर्षे टिकत असल्याने बाधित शेतात तीही बळी पडतात. अशा शेतात पाणी साठवून भाताची फेरपालट केल्यास बुरशीचे प्रमाण घटण्यास मदत होते.

महाराष्ट्रासाठी बोध

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जागतिक बाजारपेठेवर अधिराज्य गाजविणारी ‘ग्रो मिशेल’ ही केळी याच रोगामुळे मागे पडली आणि तिची जागा कॅव्हेंडिश गटाने घेतली. आज जळगावपासून सोलापूरपर्यंत घेतली जाणारी ग्रँड नैन याच गटातील आहे. या गटालाही ग्रासणारा ‘टीआर-४’ हा बुरशीचा प्रकार बिहार व उत्तर प्रदेशात आढळला आहे. मृगबाग असो वा कांदेबाग, परराज्यातून आणलेला मातीसह मुनवा हा या धोक्याला दिलेला उघडा दरवाजाच होय.

विस्तार कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यास मुनव्याचा भाव विचारण्याआधी तो कोणत्या बागेतून आला, तेथे मर रोग होता का आणि माती कोठे झटकली, हे विचारावे. मुनव्यावर कोणताही उपचार करण्यापूर्वीची ही पहिली तपासणी आहे आणि तिला खर्च काहीच येत नाही. रसबाळेची शिल्लक राहिलेली मोजकी शेते तिचे मोल सांगतात.