बोटीच्या आधीचे चार दिवस

ज्यूल व्हर्नच्या ‘ऐंशी दिवसांत जगाची सफर’ या 1872 सालच्या कादंबरीत बऱ्हाणपूर स्टेशन येतं आणि दोन-चार ओळींत निघूनही जातं. दुपारी साडेबाराला गाडी थांबते. पास्पार्तू नावाचा फ्रेंच नोकर खोट्या मोत्यांनी मढवलेल्या सपाता विकत घेतो, मंडळी घाईघाईनं चार घास पोटात ढकलतात आणि गाडी तापीच्या काठानं असीरगडाकडे निघते. पास्पार्तूचा मालक फिलिअस फॉग मुंबईला बोटीतून उतरलेला असतो आणि 25 ऑक्टोबरला दुपारी बाराच्या ठोक्याला त्याला कलकत्त्याहून हाँगकाँगची बोट पकडायची असते. पण अलाहाबादच्या बऱ्याच अलीकडे रूळच संपतात. लाईन पूर्ण झाल्याची बातमी लंडनच्या वर्तमानपत्रानं छापलेली असते, प्रत्यक्षात मधला तुकडा बाकी असतो. त्याचा सहप्रवासी गार्डावर संतापतो, फॉग मात्र शांत राहतो. त्याच्या हिशेबात दोन दिवस शिल्लक असतात. तो 2,000 पौंड मोजून एक हत्ती विकत घेतो आणि पुढे निघतो.

खरं तर मुंबईहून निघालेली लाईन मार्च 1870 मध्येच जबलपूरला जोडली गेली होती. तुटलेले रूळ ही व्हर्नची करामत. दोन दिवस हाताशी ठेवण्याची युक्ती मात्र आजही लागू आहे, विशेषतः बऱ्हाणपूरजवळच्या बहादरपुरातून निघून मुंबईला क्रूझवर चढणाऱ्या कुटुंबासाठी. फॉगकडे हत्तीला पैसे होते. इथं ते काम अजिंठा, वेरूळ किंवा नाशिक करू शकतं.

मुंबईपासून बऱ्हाणपूर रेल्वेनं साधारण 500 किलोमीटरवर आहे. रात्री गाडीत बसायचं, सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरायचं, एवढा हा प्रवास अंगवळणी पडलेला. म्हणूनच क्रूझ ठरली की पहिला विचार असतो, ‘आदल्या रात्री गाडीत बसू, दुपारी बोटीत.’ कागदावर हे बसतं. पण या मार्गावरच्या बहुतेक गाड्या उत्तर प्रदेश, बिहार, पंजाबातून हजार-बाराशे किलोमीटर धावून बऱ्हाणपूरला पोहोचतात. हिवाळ्यात उत्तरेत धुकं पडलं की त्यांचा उशीर इथल्या फलाटावर येऊन उभा राहतो. आणि क्रूझचा हंगाम नेमका तोच, पावसाळ्यानंतरचा.

एकेकाळी बऱ्हाणपूरचं बंदर मुंबई नव्हतंच, ते सुरत होतं. इथलं कापड तापीच्या खोऱ्यातून सुरतेला जाई. इंग्लंडच्या राजाचा वकील टॉमस रो 1615 साली सुरतेहून बऱ्हाणपूरला आला तेव्हा त्याला जवळपास पंधरवडा लागला. त्या मानानं एका रात्रीचा प्रवास म्हणजे चैनच, आणि चैनीची सवय लागली की वेळेचा हिशेब ढिला होतो.

गाडी आणि बोट यांची मोट मुंबईत खरोखर बांधलेली होती, हेही आता फारसं कुणाच्या लक्षात नाही. बॅलार्ड पिअरच्या धक्क्यालगत ‘मोल’ नावाचं स्टेशन होतं. विलायतेहून डाक आणि साहेबलोक घेऊन येणारी बोट धक्क्याला लागली की उतारू थेट आगगाडीत बसत. आजची पंजाब मेल ही त्याच व्यवस्थेची वारस. 1 जून 1912 हा तिचा वाढदिवस म्हणून मध्य रेल्वे साजरा करते. तेव्हा ‘पंजाब लिमिटेड’ या नावानं ती बॅलार्ड पिअरहून थेट पेशावरला जाई. अंतर 2,496 किलोमीटर, वेळ सुमारे 47 तास. सहा डब्यांतले तीन टपालाचे आणि तीन 96 प्रवाशांचे. 1914 पासून ती व्हिक्टोरिया टर्मिनसहून सुटू लागली. मार्ग मात्र इगतपुरी, भुसावळ, खंडवा, इटारसी हाच, त्यामुळे बऱ्हाणपूरला ही गाडी शतकाहून अधिक काळ ओळखीची आहे. त्या काळी गाडीचं वेळापत्रक बोटीकडे बघून आखलं जाई.

आता बोटीला गाडीची खबर नसते आणि गाडीला बोटीची. गंमत अशी की सप्टेंबर 2021 मध्ये कॉर्डेलिया क्रूझेसची ‘एम्प्रेस’ मुंबईहून निघू लागली तेव्हा तिची तिकिटं रेल्वेच्याच आयआरसीटीसीनं विकायला घेतली होती. एकच संस्था गाडीचं आणि बोटीचं तिकीट विकते, पण गाडी चुकल्यामुळे बोट चुकली तर त्या दोन तिकिटांचं एकमेकांशी काही नातं नसतं. रेल्वेत दोन पीएनआर जोडण्याची सोय 2019 पासून आहे. पहिली गाडी उशिरा आल्यानं जोडगाडी चुकली, तर न केलेल्या प्रवासाचे पैसे परत मिळू शकतात. पण ही सोय गाडीपासून गाडीपर्यंतच. तीन तासांहून जास्त उशीर झालेल्या गाडीत बसायचंच नाही असं ठरवलं, तर टीडीआर, म्हणजे परताव्याचा अर्ज, भरून पूर्ण भाडं परत मागता येतं. ते झालं रेल्वेचं भाडं. बोटीच्या केबिनचं भाडं त्याच्या कितीतरी पट, आणि ते समुद्रात गेलेलं असतं.

म्हणून आखणी उलटी करावी लागते. बऱ्हाणपूरहून कधी निघायचं इथून सुरुवात न करता बोटीचं दार कधी बंद होतं तिथून मागे यायचं. बोट सुटण्याच्या वेळेपेक्षा चेक-इन बंद होण्याची वेळ महत्त्वाची, आणि ती काही तास आधीची असते. त्याच्या आदली रात्र मुंबईत काढायची, याला पर्याय नाही. मग त्याआधीचे दोन दिवस घरी बसून काढण्यापेक्षा वाटेतल्या शहरांत काढले तर सहलही होते आणि उशीर पचवायला जागाही मिळते. जळगाव, छत्रपती संभाजीनगर, मुंबई हा त्यातला सर्वांत भरगच्च मार्ग. बऱ्हाणपूरहून जळगाव रेल्वेनं 80 किलोमीटरच्या आतबाहेर. गाडीचा मेळ बसला नाही तर रावेर, सावदा, फैजपूरमार्गे रस्ता आहेच. जळगावहून अजिंठा 60 किलोमीटर, तिथून संभाजीनगर साधारण शंभर. दुसऱ्या दिवशी वेरूळ, तिसऱ्या दिवशी मुंबईची गाडी, चौथ्या दिवशी बोट.

मात्र इथं कॅलेंडर उघडून बसायला हवं. अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद असतात, वेरूळची मंगळवारी. बोट शुक्रवारी असेल तर मंगळवारी अजिंठा, बुधवारी वेरूळ, गुरुवारी मुंबई, सगळं सुरळीत. तीच बोट गुरुवारी असेल तर अजिंठा येतो सोमवारी आणि वेरूळ मंगळवारी. दोन्ही दारं बंद! बोटीचा वार एका दिवसानं सरकला आणि सहलीचा गाभाच गेला. अशा वेळी एक तर दोन दिवस आधी निघावं किंवा वाट बदलून नाशिक गाठावं.

नाशिकची वाट सोपी आहे. बऱ्हाणपूरहून नाशिक रोडला थेट गाड्या आहेत, पंचवटी-गोदाघाट एका दिवसात होतो, त्र्यंबकेश्वर शहरापासून तीसेक किलोमीटरवर. पण नाशिकमध्ये एक मोह असतो. सकाळची पंचवटी एक्सप्रेस चाकरमान्यांना कचेरीच्या वेळेला मुंबईत सोडते, मग ‘बोट दुपारी आहे, सकाळी पंचवटीनं जाऊ’ असं कुणीतरी सुचवतंच. रोजच्या पासधारकाला लेटमार्क परवडतो, क्रूझच्या प्रवाशाला नाही. कसारा घाट आणि त्यापुढची कल्याणची गर्दी यांच्यामध्ये अडकलेली गाडी कुणाच्याच हातात नसते. आणि 2027च्या सिंहस्थाच्या महिन्यांत तर बोटीआधी नाशिक नकोच.

आता तिकिटं. 1 नोव्हेंबर 2024 पासून रेल्वेचं आगाऊ आरक्षण 120 ऐवजी 60 दिवस आधी खुलं होतं. क्रूझची केबिन मात्र त्याच्या कितीतरी आधी घेतलेली असते. म्हणजे बोट ठरते, पैसे भरले जातात आणि गाडीचं काय ते दोन महिने आधी कळतं. प्रवासाच्या प्रत्येक टप्प्याची तारीख वेगळी, म्हणून आरक्षण उघडण्याचा दिवसही वेगळा. बऱ्हाणपूरसारख्या मधल्या स्टेशनावरून बऱ्याचदा पूल्ड कोट्याची प्रतीक्षा यादी वाट्याला येते आणि ती सहजासहजी पक्की होत नाही. वेटिंगच्या तिकिटावर आरक्षित डब्यात बसू देण्याबाबत मे 2025 पासून रेल्वेनं हात आखडला आहे, त्यामुळे ‘चढू तर खरं, टीसी बघून घेईल’ हा जुना भरवसा सोडलेला बरा. तत्काळ आदल्या दिवशी उघडतं, वातानुकूलितसाठी दहाला आणि बाकीसाठी अकराला. पण बोटीच्या सहलीचा पाया तत्काळवर घालणं म्हणजे लॉटरीच्या तिकिटावर लग्नाचा हॉल ठरवणं.

आणखी एक घोळ मध्यरात्रीचा. या मार्गावरच्या कितीतरी गाड्या रात्री धावतात. ‘बुधवारी रात्री साडेबाराची गाडी’ म्हणजे तिकिटावर गुरुवारची तारीख. घरात सगळे बुधवार बुधवार म्हणत असतात आणि आरक्षण करणारा बुधवारची तारीख टाकून मोकळा होतो. मग गाडी मिळते ती चोवीस तास आधी निघून गेलेली.

लांब पल्ल्याचं एकच तिकीट काढून मध्ये उतरता येईल का, हा प्रश्न जुन्याजाणत्यांच्या घरात हमखास निघतो. प्रवास खंडित करण्याची सवलत आहे, पण ती 500 किलोमीटरपेक्षा लांब तिकिटावर, आणि पहिला थांबा निघाल्यापासून 500 किलोमीटर झाल्यावरच घेता येतो. बऱ्हाणपूर ते मुंबई एवढंच अंतर, म्हणजे जळगावला किंवा नाशिकला उतरण्यासाठी ही सवलत निरुपयोगी. प्रत्येक टप्प्याचं वेगळं तिकीट काढायचं. ते थोडं महाग पडतं, कारण अंतर वाढतं तसा रेल्वेचा किलोमीटरमागचा दर उतरतो आणि तुकड्यांत हा फायदा मिळत नाही. ज्यांना परतताना वेगळ्या मार्गानं, समजा पुणे, दौंड, अहिल्यानगर, मनमाड असं यायचं आहे, त्यांनी चक्राकार प्रवासाच्या तिकिटाची चौकशी करावी. त्यात आठ थांबे घेता येतात. मात्र ते मोबाइलवर निघत नाही. मार्ग लिहून रेल्वेच्या वाणिज्य विभागाकडे अर्ज करावा लागतो, तिकीट हातात आल्यावर प्रत्येक गाडीचं आरक्षण वेगळं.

संभाजीनगरहून मुंबईला जायला वंदे भारत सोयीची. सकाळी निघून दुपारी सीएसएमटीला पोहोचते, आठवड्यातला एक दिवस ती धावत नाही एवढं बघायचं. ती नसेल तर जनशताब्दी आहे, तपोवन आहे. बऱ्हाणपूरहून थेट मुंबईला येणाऱ्यांनी गाडी कुठं संपते ते तिकीट काढतानाच पाहावं. पंजाब मेल, महानगरी सीएसएमटीला जातात. कामायनीसारख्या गाड्या कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसला. बॅलार्ड पिअरचं आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल सीएसएमटीहून दोनेक किलोमीटरवर, टॅक्सीनं काही मिनिटांचं काम. कुर्ल्याहून तेच अंतर अख्ख्या शहराएवढं. आणि टॅक्सीवाल्याला नुसतं ‘बोटीवर जायचंय’ सांगू नये, तो भाऊच्या धक्क्याला नेऊन सोडायचा. 2018 साली ‘आंग्रिया’ ही क्रूझ गोव्याला निघू लागली ती त्याच बाजूच्या गोदीतून. ती सेवा पुढे बंद पडली.

खानदेश-निमाडातल्या घरांची मुंबई म्हणजे बहुधा डोंबिवली, कल्याण, बदलापूर. आदली रात्र मामाकडे, मावशीकडे काढली की हॉटेलचा खर्च वाचतो, हे खरंच. पण बोट रविवारची असेल तर मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक आदल्या दिवशीच बघून ठेवावा. चार बॅगा, दोन मुलं आणि आजी यांना घेऊन ब्लॉकच्या दिवशी लोकलमध्ये शिरणं हे क्रूझची सुरुवात म्हणून फारसं शोभत नाही. पावसाचं तर विचारूच नका. 27 जुलै 2019 ला महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणी परिसरात पुरात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. अशा दिवशी फोर्टमधली साधीशी खोलीही सोन्याच्या भावाची ठरली असती.

सामानाचं गणित गाडीला सोपं आहे. स्लीपर आणि थ्री-टिअर एसीत माणशी 40 किलो, टू-टिअरला 50. अडचण येते ती खाण्याची. बऱ्हाणपूरची मावा जिलेबी आणि दराबा बरोबर घेतल्याशिवाय तिथला माणूस घराबाहेर पडत नाही. पण बहुतेक क्रूझवर बाहेरचं खाणं नेऊ देत नाहीत, दारूही नाही, कपड्यांची इस्त्रीही नाही. तेव्हा जिलेबी मामाच्या घरी संपवलेली बरी. देशांतर्गत फेरीला पासपोर्ट लागत नाही, मात्र प्रत्येकाचं मूळ ओळखपत्र लागतं, लहान मुलांचंही. मोबाइलमधला फोटो पुरेल या भरवशावर राहू नये.

परतीचा हिशेब लोक बोटीत बसल्यावर करतात, तो आधीच झालेला बरा. बोट सकाळी धक्क्याला लागली तरी हजारेक प्रवासी गटागटानं उतरतात, सामान मिळेपर्यंत दुपार उजाडू शकते. त्यामुळे दुपारची गाडी पकडण्याचा हट्ट नको. पंजाब मेल सीएसएमटीहून संध्याकाळी सुटते, ती या कामाला उत्तम. मधल्या वेळात सीएसएमटीच्या क्लोक रूममध्ये बॅगा ठेवता येतात, फक्त त्यांना कुलूप हवं, नाहीतर ठेवून घेत नाहीत. या गाडीचं आरक्षण जाण्याच्या तिकिटांनंतर आठवडाभरानं उघडतं, सकाळी आठला. जाण्याची तिकिटं मिळाल्याच्या आनंदात हीच तारीख निसटते, म्हणून ती त्याच दिवशी कॅलेंडरवर लिहून टाकावी.